जोड

सलवार घालताना पहिल्यांदा कळलं.
एक पाय उचलला
आणि पुढच्या हाडात कुणीतरी ओली फांदी पिळली.
कपाट धरून उभी राहिले,
सलवार एका पायात, दुसरा पाय हवेत,
सातवा महिना,
आणि खाली कारखान्यात इर्शाद कुणाच्या तरी तानपुऱ्याचा षड्ज लावत होता.
तो काही केल्या लागत नव्हता.

सासू म्हणाल्या, होतं असं.
हमिदाभाभी म्हणाल्या, होतंच,
मी तर नवव्यात आडावरून पाणी आणलं.
डॉक्टरीणबाई घाईत होत्या, म्हणाल्या, अंग मोकळं होतंय.
मोकळं!
रात्री कुशीवर वळायला मला
पलंगाची कड, खिडकीचा गज आणि एक शिवी लागते,
ह्याला मोकळं म्हणतात होय?

मग मिरजेतल्याच एका तळमजल्यावर
नांद्रेकर मॅडमनी टेबलावर ठेवला
प्लास्टिकचा सांगाडा, नुसती कंबर.
मागे दोन जोड, पुढे एक.
म्हणाल्या, बाळासाठी हे सांधे सैल होतात,
तुमचे एका बाजूला जरा जास्तच.

मी बघत राहिले.
हा तर भोपळा.
गर काढलेला, वाळवलेला,
तबली बसवायच्या आधीचा,
ज्याच्या कडेवरून अकरा वर्षं मी अंगठा फिरवत आलेय,
कुठे उंच, कुठे खोल.
कुणी आधीच असं दाखवलं असतं
तर एवढी भ्याले नसते.

सरस ओला असताना जोड हलवायचा नाही
हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल.
सुतळी गुंडाळतात
आणि थांबतात.
मॅडमनी पट्टा बांधला तोही तसाच,
पोटाखालून, कुल्ह्यांवरून,
घट्ट, पण श्वासापुरता सैल.

आता सलवार मी बसून घालते.
जिना चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा,
एकेका पायरीवर दोन्ही पाय, नव्या नवरीसारखी.
रिक्षात आधी बूड, मग दोन्ही गुडघे मिळून,
जणू मधे रुपया धरलाय आणि तो पडता कामा नये.
रिक्षावाला आरशातून बघतो. बघू दे.
अल्फियाला कडेवर घेत नाही.
चार वर्षांची आहे, तिच्या मते हा जुलूम आहे.
पॉलिशला उकिडवी बसत नाही,
इर्शादनं उरल्यासुरल्या लाकडाचं स्टूल करून दिलं.
त्याचा एक पाय आखूड झालाय,
सतारीची दांडी सुतात सरळ करणाऱ्या माणसाच्या हातून!
खाली पुठ्ठा घातलाय.

रात्री गुडघ्यांमध्ये उशी.
घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात ना,
केसभर पुढे की सूर मुका,
केसभर मागे की नुसती भुणभुण,
तशी ती उशी मी सरकवत बसते.
एक जागा असते.
रोज तीच नसते.
सापडली तरी दुखणं जात नाही,
जरा पलीकडे सरकतं, एवढंच.

वळायचं झालं तर गुडघे जुळवायचे, श्वास सोडायचा,
खांदा आणि कंबर एकदमच,
दांडी आणि भोपळा एकदम उचलतात तसं,
नाहीतर गळ्यापाशी तडकतं.
इर्शाद अंधारात विचारतो, धरू?
कधी म्हणते, धर.
कधी म्हणते, हात नको, जागा दे.

काल दुपारी पट्टा काढून खाटेवर ठेवला होता.
सासू आल्या, उलटासुलटा करून बघितला.
म्हणाल्या, इर्शादच्या वेळी मी
भिंत धरून नहाणीत जायचे.
कुणाला सांगणार?
मी काही बोलले नाही.
मग पदर बाजूला करत म्हणाल्या,
बघू, लाव जरा.
लुगड्यावरूनच लावला.
एकसष्ट वर्षांची कंबर, माझ्यापेक्षा बारीक.
फार आवळू नकोस, म्हणाल्या,
आणि तशाच उभ्या राहिल्या,
खाली षड्ज लागेपर्यंत.